वाण परत मागणारी बाई

अल ऐन
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

चि. सौ. शोभना हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद हाताला सवय आहे म्हणून लिहिले गेले. खोडणार होते, पण ऋताचा कागद चांगला आहे, पहिल्याच ओळीला खाडाखोड नको. आम्ही मायलेकी ठीक आहोत. ऋताच्या हॉस्पिटलात दोन डॉक्टर रजेवर आहेत, त्यामुळे ती सकाळी जाते ती अंधार पडल्यावरच येते. इथे दुबईत तुमच्या सिलिकॉन ओएसिसला असते त्यापेक्षा थंडी जास्त आहे, मी स्वेटर घालून बसलेय. राजनरावांचा गुडघा कसा आहे? वेदांगच्या प्रीलिम्स संपल्या का? झालं. विचारायचं ते विचारून झालं.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू हात जोडलेले पाठवून दिले असतेस आणि खलास. फोन केला असता तर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मी गप्प बसते हे तुला मिरजेपासून पक्कं माहीत आहे. म्हणून कागद. राजनराव शनिवारी साइट बघायला इकडे येणार आहेत, त्यांच्या हाती देईन. गाडीत उघडू नका असं त्यांना बजावलंय.

सरळ मुद्द्यावर येते. माझे मग तू वाण म्हणून वाटलेस.

मी चार दिवस ऋताकडे आले. तेवढ्यात तू मेडच्या खोलीत ठेवलेले माझे खोके फोडलेस, जुन्या हॉटेलांतले माझे मग वर्तमानपत्रातून सोडवलेस, धुतलेस, त्यांत तीळगूळ भरलास, वरून सेलोफेन, सोनेरी रिबन, आणि शनिवारी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना एकेक देऊन मोकळी झालीस. अर्धं आयुष्य जमवलेलं एका संध्याकाळी वाटून टाकलंस. आणि बायकांनी म्हणे फार कौतुक केलं. शोभनाताईंचं वाण दर वर्षी काहीतरी हटके असतं.

त्या दिवशी मी अल ऐनला का होते, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. मी मगांबद्दल बोलतेय.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. पुण्याहून येणाऱ्या पितळी पणत्या कार्गोत अडकल्या, शुक्रवार उजाडला, बायकांना तर सांगून झालेलं. खोक्यांवर आमच्या क्रोकरी कंपनीचे स्टिकर. "ताई, मला वाटलं तुझ्या ऑफिसचा उरलेला माल आहे." शोभना, तू हे राजनरावांना सांग, ते ऐकून घेतात. तुमच्याकडे राहायला येण्याआधी, बर दुबईच्या माझ्या घरात, ते मग काचेच्या कपाटात होते. वेदांग लहान असताना मगांवरच्या त्या देवांच्या तोंडांना घाबरून रडायचा, तेव्हा तूच एकेकाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवायचीस. जाताना मी सगळे परत सरळ करायचे. इतकी वर्षं हे चाललं आणि आता म्हणे ऑफिसचा माल.

बरं, ते कशाचे मग आहेत हे तरी बघायचंस. तू चॉकलेटच्या पाकिटाच्या मागे चष्मा लावून जिलेटिन शोधणारी बाई. ते रमचे मग आहेत. बारमधले. ज्यांत रम, वर आणखी रम, आणि त्यावर कागदाची छत्री, अशी पेयं भरून द्यायचे, त्यांत तू गुळाच्या वड्या भरून सुवासिनींची ओटी भरलीस. ऋताला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मलाही हसू आलं, आणि हसू आलं म्हणून मी आणखी चिडले. काड्यापेट्या, मेनूकार्डं, ग्लासात ढवळायच्या रंगीत काड्या, लाकडी मुखवटे, हे सगळं वाचलं, कारण वाण म्हणून कोणी काड्यापेटी देत नाही.

तू हे शंभरदा ऐकलंयस. आता परत ऐक, कारण या वेळी तुला "गॅसवर दूध आहे" म्हणून उठून जाता येणार नाही. मी लग्न होऊन दुबईत आले तेव्हा तिथल्या बऱ्याच हॉटेलांना पॉलिनेशियन रेस्टॉरंटची हौस होती. बाहेर वाळू आणि पंचेचाळीस डिग्री. दार उघडून आत गेलं की बांबूचं छत, कोळ्यांची जाळी, टम्म फुगवून वाळवलेल्या माशांचे दिवे, भिंतीवर जीभ बाहेर काढलेले लाकडी देव. बांबू केरळातून यायचा. गाणारी मंडळी फिलिपिनो, बारमन श्रीलंकेचा, आणि हवाईयन चिकन करणारा आचारी कोल्लमचा. तो त्यात अननस घालायचा आणि कोणाचं लक्ष नाही बघून चार पानं कढीपत्ता. हे मग आमच्या कंपनीने पुरवलेले, तिकडे उत्तर प्रदेशात खुर्जाला भाजून आणलेले, त्यांची ऑर्डर माझ्याच टेबलावरून जायची. ही पॉलिनेशियाची बेटं नकाशात कुठे येतात ते त्या खोलीतल्या एकालाही सांगता आलं नसतं. मला ते फार आवडायचं. मी मिरजेची, नवीन, इंग्लिश बोलताना घाम फुटायचा. पण तिथे सगळेच परके होते, त्यामुळे कोणी माझ्याकडे बघायचं नाही.

पुढे एकेक हॉटेल रिनोव्हेशनला निघालं. बांबू जुना झाला, लोकांना सुशी पाहिजे झाली. तोडायला माणसं आली की सगळं सरळ कचऱ्याच्या लोखंडी डब्यात. मी माल पुरवणारी, त्यामुळे स्टोअरच्या लोकांशी ओळख. ते फोन करायचे, मॅडम, उद्या तोडतायत. मी ऑफिसच्या चपला बदलून बूट घालायचे आणि जायचे. देराच्या एका हॉटेलामागे एकदा त्या डब्यात उतरून मी मुखवटा ओढून काढलाय, वरून मुकादम आटपा म्हणून ओरडतोय, "यल्ला मदाम, यल्ला!" तुझे भावोजी तेव्हा कुठे होते माहितीये? खाली गाडीत. एसी लावून. पेपर वाचत. मी धुळीने भरलेली आले की ते मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरायचे आणि म्हणायचे, "आता हे ठेवायचं कुठे?" एवढाच गोपीनाथचा या छंदाशी संबंध. चांगला नवरा होता, हौस त्याची नव्हती. माझी होती.

हे मी इतकं घोळून का लिहितेय ते तुला कळलंय. तू सगळ्यांना सांगतेस, "हे आमच्या भावोजींचं हो, ताईने आठवण म्हणून जपलंय." ते गेल्यावर माझं सगळं त्यांची आठवण झालं. माझी निसान गाडीसुद्धा, जी मी माझ्या पगारातून घेतली. शहरबानूलाही तू हेच सांगितलंस. आमच्या जुन्या मालकांची ही मुलगी क्रोकरीचं गोदाम बंद करून त्याच अल क्वोजच्या शेडमध्ये गॅलरी काढते, मला फोन करून म्हणते, तुमचे मग मांडू या, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि तू तिला माझ्यासमोर सुचवतेस की कार्डवर "कै. गोपीनाथ यांच्या स्मरणार्थ" घाला. ती बोहरी पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी. म्हणाली, "विद्याबेन, कार्ड पे नाम आपका आएगा, और किसी का नहीं." जन्मात पहिल्यांदा कुठल्या तरी कार्डावर माझं नुसतं नाव येणार होतं, विद्युल्लता. कोणाची बायको नाही, कोणाची आई नाही. भिंतीला फळ्या ठोकून झाल्या आहेत. फळ्यांवर ठेवायला मग नाहीत.

कळलं कसं, तेही सांगते. तुला वाटतं कोणीतरी चुगली केली. चुगली तुझ्या फोटोने केली. शनिवारी ऋता जेवायला बसली होती, फोन बघता बघता थांबली आणि म्हणाली, "आई, हे तुझे मग नाहीत ना?" फेसबुकवर फोटो. तुझा हॉल. सगळ्यांच्या काळ्या साड्या, नव्या नवरीला हलव्याचे दागिने, मध्ये तू, नथ घालून. आणि प्रत्येकीच्या हातात जीभ बाहेर काढलेला माझा एकेक देव. मी फोटो मोठा करून करून बघितला. डावीकडून तिसरीच्या हातात शारजाहच्या कोरल लँटर्न रेस्टॉरंटचा मग होता. तिकडे दारू बंद झाल्यावर त्यांनी तेच मग ठेवले आणि त्यांतून अननसाचा ज्यूस द्यायला लागले, तो मग. तसा दुसरा मी कुठे बघितला नाही.

रविवारी सकाळी मी तुझ्याकडे आले ते तुला माहीतच आहे. तू काय काय बोललीस तेही तुला माहीत आहे. त्यातलं एक वाक्य मी इथे लिहिणार नाही. बाकीची लिहिते. तू म्हणालीस, "वाण कोणी परत मागतं का, ताई? अपशकुन होतो." मी विचारलं, कोणाचा? माझा व्हायचा तो होऊन गेलाय. राजनराव मध्ये पडले, बिचारे, त्यांना नेहमी वाटतं दुकानात जाऊन प्रश्न सुटतो. "ताई, नवीन घेऊ ना. तीस दिरहमला एक मिळतो, म्हणजे साडेसातशे रुपये, सगळे घेऊ." त्यांच्यावर माझा राग नाही.

तू नावं द्यायला तयार नव्हतीस, म्हणून मी फोटो घेऊन निघाले. सोमवारपासून कालपर्यंत रोज सकाळी अल ऐनहून निघायचं, सिलिकॉन ओएसिसला गाडी लावायची आणि एकेका टॉवरच्या सिक्युरिटीला फोटो दाखवायचा, ह्या मॅडम कुठल्या फ्लॅटमध्ये राहतात? एकाने मला विचारलं, आप पुलिस से हो? मी म्हटलं, बहन हूँ. त्याला काय कळलं कोणास ठाऊक, पण त्याने नंबर दिला.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लोकांच्या दारात उभं राहून दिलेली वस्तू परत मागणं काय असतं, ते तुला कळावं म्हणून लिहितेय. दार उघडतं. बाई हसते, कारण तिला वाटतं मी वर्गणी मागायला आलेय. आपण सांगायला लागतो, तुम्हाला शोभनाकडे जो मग मिळाला ना, तो चुकून दिला गेला. तिचं हसू तसंच राहतं पण डोळे बदलतात. अनन्याने त्यात टूथब्रश ठेवले होते, चार ब्रश, देवाच्या डोक्यातून वर आलेले. चांगली आहे ती. "सॉरी हं काकू, इतकं क्यूट होतं," म्हणाली, घासून पुसून दिला आणि वर चहा पाजला. एकीने बुडाला ड्रिलने भोक पाडून मनी प्लांट लावलाय. आता तो मनी प्लांटच आहे, मी बघून परत आले. दोन फुटले. एक एकीच्या मेडने गावी न्यायला मागून घेतला, तो बहुतेक एव्हाना मनिलाला पोचला असेल, आणि खरं सांगू, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

संजनाने दार अर्धंच उघडलं. तुझी खास मैत्रीण ना ती, प्रत्येक मंगळागौरीला पुढे असते. कोरल लँटर्नचा मग तिच्याकडे आहे. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वाण असं परत देत नाहीत हो. आणि त्यातून तुम्हाला..." आणि थांबली. मी म्हटलं, वाक्य पूर्ण करा. तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर मी पर्णिकाकडे गेले. तिथे जे झालं ते लिहायला घेतलं होतं, पण जमत नाहीये. चहा ठेवते. उद्या लिहीन.

शुक्रवार, दुपार

काल लिहिलेलं वाचलं. दोन पानं मगांबद्दल आहेत. तू वाचून म्हणशील, ताईचं हे नेहमीचंच, भांड्यांवरून भांडण. नाही. आता ज्याबद्दल बोलणार नाही म्हटलं होतं त्याबद्दल बोलते.

तू मला घालवून दिलंस. पद्धतशीर. संक्रांतीच्या आधी आठवडाभर, "ताई, ऋता एकटी आहे गं, जाऊन ये ना चार दिवस. हवापालट होईल." माझ्या डब्यात खाकरे भरून दिलेस. गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेवल्यास. मी किती वेडी, मला वाटलं बहीण काळजी करते. रस्ताभर मी तुझं कौतुक करत होते, मनातल्या मनात, एकटीने गाडी चालवताना. आणि तू घरी चटया अंथरत होतीस.

एका घरात राहतो आपण. माझी खोली हॉलला लागून. मी तिथे दिसले असते तर तुझ्या हळदीकुंकवाला काय झालं असतं, शोभना? बायका पळून गेल्या असत्या? मी बाहेर येऊन बसणार नव्हते, मला तुम्हा लोकांच्या त्या उखाण्यांचा तसाही कंटाळा आहे. पण मला विचारायचंस. "ताई, शनिवारी हळदीकुंकू आहे, तू काय करतेस?" एवढंच. मी कदाचित स्वतःच म्हटलं असतं, मी खोलीत पुस्तक वाचते. ते मला म्हणू द्यायचंस. रविवारी मी तुझ्याशी भांडत होते तेव्हा सृष्टी सोफ्यावरून मला म्हणाली, "बट मावशी, आई सेड यू डोन्ट लाइक धिस स्टफ." पोरीला तू असं सांगितलंस. मला आवडत नाही म्हणून मी गेले.

तुला आपली आई आठवते का, हे विचारायची वेळ तू माझ्यावर आणलीस. बाबा गेल्यावर काकूच्या हळदीकुंकवाला आई आत वड्या थापत बसायची. आपण सगळ्या बाहेर आणि ती आत, स्टोव्हजवळ. तू बारा वर्षांची होतीस. तू काकूच्या हातातलं ताट हिसकावून घेतलंस आणि तरातरा स्वयंपाकघरात गेलीस, आणि आईच्या कपाळाला इतकं कुंकू फासलंस की ते तिच्या नाकावर सांडलं. काकूने तुला थोबाडीत मारली. तू रडली नाहीस. मी मोठी, मी दाराशी उभी राहून नुसती बघत होते आणि मला वाटलं होतं, ही आपली शोभी, ही कोणाला घाबरणार नाही. ती पोरगी कुठे गेली गं? तिला नथ घालून कोणी बसवून ठेवलं?

आता पर्णिका. तुझ्या फोटोतली हलव्याचे दागिने घातलेली. नवीनच लग्न होऊन आलीये, नाशिकची. दार उघडलं, मी नेहमीचं सांगितलं, ती आत पळाली आणि मग घेऊन आली, सेलोफेनसुद्धा काढलं नव्हतं. "मला वाटलंच होतं हे कोणाचं तरी आवडतं असणार," म्हणाली. मी वळले तर म्हणते, "काकू, थांबा ना, कुंकू लावते," आणि करंडा घेऊन आली. मी म्हटलं, अगं, माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. तिने करंडा हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग लावू की नको?" जसं चहात साखर घालू की नको. मी म्हटलं, लाव.

टिकली मी रोज लावते, कोणाला विचारून लावत नाही. पण ती आपली आपण, आरशात बघून. दुसऱ्या बाईचं बोट कपाळाला लागलं नव्हतं तीन वर्षांत. तिचं बोट गार होतं. मी खाली आले, गाडीत बसले, मग मांडीवर ठेवला, आणि मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. मी तुझ्यावर इतकी चिडले, शोभना, इतकी, की स्टिअरिंगवर हात आपटला आणि हॉर्न वाजला, आणि समोरचा पाकिस्तानी टॅक्सीवाला घाबरून बाजूला झाला. परक्या पोरीला जे अर्ध्या मिनिटात जमलं ते तुला तीन वर्षांत जमलं नाही. एका घरात राहून. रोज सकाळी देवाची पूजा झाल्यावर तू सृष्टीच्या कपाळाला कुंकू लावतेस, मेडच्याही लावतेस, ती ख्रिश्चन आहे तरी. मी टेबलाशी चहा पीत बसलेली असते आणि तू ताट घेऊन माझ्यामागून जातेस.

आता ते वाक्य. रविवारी, हॉलमध्ये, मेडसमोर, पोरांसमोर, चटया परत न्यायला आलेल्या दोन बायकांसमोर तू म्हणालीस, "भावोजी गेले तेव्हा एवढी रडली नव्हतीस, ताई. मगांसाठी एवढं?"

खरं आहे. नव्हते रडले. सांगते का. ते हॉस्पिटलात गेले तेव्हा पहाट होती आणि तासाभराने माझ्या हातात पहिला कागद पडला. पुढे पोलीस, पुढे कॉन्सुलेट, पुढे पासपोर्ट रद्द, व्हिसा रद्द, अरबी कागदाचं भाषांतर, एका खिडकीवर म्हणाले या माणसाची सही आणा, दुसऱ्या खिडकीवर तो माणूस जेवायला गेलेला. प्रत्येक ठिकाणी नाव, नातं, सही. नातं विचारलं की मी म्हणायचे वाइफ, आणि तो लिहायचा. ऋता तेव्हा मणिपालला परीक्षेत, तिचं विमान संध्याकाळचं. राजनराव माझ्याबरोबर होते, त्यांना विचार. आणि तू माझ्या घरी होतीस. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर रडत होतीस. मी कागद घेऊन घरी आले तेव्हा बायका तुझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तुला पाणी पाजत होत्या, आणि मी माझ्याच घरात बूट काढत दाराशी उभी. एक बाई मला म्हणाली, जरा बहिणीला सांभाळा. मी सांभाळलं. तुझ्या शेजारी बसले आणि तुझा हात धरला. जबल अलीला दहन झालं, लोक गेले, आणि रडायची वेळ निघून गेली होती. तेव्हाही मी तुला काही बोलले नाही. मला वाटलं, रडू दे तिला, तिचाही भावोजी होता.

आणि तू ते लक्षात ठेवलंस. माझ्याविरुद्ध वापरायला. ते वाक्य तुला त्या क्षणी सुचलेलं नाही, शोभना. ते तू तीन वर्षं सांभाळून ठेवलं होतंस.

हेच मी दोन दिवस टाळत होते. लिहून झालं. हात दुखतोय.

आता निरोप ऐक. रविवारी रथसप्तमी आहे. हळदीकुंकू तोपर्यंत करतात हे मी तुला सांगायला नको. मी करतेय. अल क्वोजला, शहरबानूच्या शेडमध्ये, माझ्या रिकाम्या फळ्यांसमोर, उन्हं उतरल्यावर. आज सकाळी सगळ्या बायकांना फोन केले: माझा मग घेऊन या, फळीवर तुमच्या हाताने ठेवा, आणि माझ्याकडून दुसरं वाण घेऊन जा. मीना बाजारातून चहाच्या गाळण्या आणल्यात, चांगल्या जाडजूड, स्टीलच्या. नवरा असलेल्या, गेलेल्या, सोडलेल्या, न केलेल्या, सगळ्यांना बोलावलंय. शहरबानू म्हणाली, "मुझे भी लगाओगी ना?" संजनालाही फोन केला. तिने येते म्हटलं नाही, पण माझं बोलणं संपेपर्यंत फोन ठेवलाही नाही. पर्णिका म्हणाली ती वड्या करून आणेल. कुंकू मी लावणार आहे. दाराशी उभी राहून, प्रत्येकीला, माझ्या हाताने. ज्यांना चालणार नाही त्यांनी मग सिक्युरिटीपाशी ठेवून जावं, असं मी स्पष्ट सांगितलंय.

तूही ये. तू मला बोलावलं नव्हतंस, मी तुला बोलावतेय.

पण एक नीट समजून ये. तू दारात आलीस की मी तुझ्या कपाळाला बोट लावणार. तू जरा जरी मागे सरकलीस, तोंड दुसरीकडे केलंस, नाहीतर मनातल्या मनात राजनरावांसाठी देवाचं नाव घेतलंस, तर मला कळेल. तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय, तुझ्या अंगावर शहारा कधी येतो ते मला तुझ्याआधी कळतं. तसं होणार असेल तर येऊ नकोस. घरीच थांब. मी मुलांसमोर काही बोलणार नाही, तुझ्या दारातही परत येणार नाही, माझ्या दोन बॅगा राजनरावांबरोबर दे.

आणि येणार असशील तर घरून कुंकू लावून निघू नकोस. कपाळ मोकळं ठेवून ये.

रविवारपर्यंत तरी तुझी,
ताई